आठ महिन्यांचा पीएफ

चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत मी २०२४ च्या एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत काम केलं आणि पोलीस भरतीच्या तयारीसाठी करमाळ्याला घरी आलो. खोलीभाडं सुटलं, पण मैदान, क्लास आणि पुस्तकं यांचा खर्च सुरू झाला. तेव्हा पगाराच्या स्लिपा काढून बसलो.

दर महिन्याला तीन कपाती होत्या. व्यवसाय कराचे २०० रुपये सरकारजमा, त्यांचं नाव काढायचं नाही. ईएसआयचे १२८ रुपयेही परत मिळत नाहीत. तो विमा आहे. आजारी पडलो असतो तर त्यातून दवाखाना झाला असता, नाही पडलो हाच फायदा. राहिला पीएफ. बेसिक १३,००० होतं, त्याचे बारा टक्के म्हणजे १,५६० रुपये माझ्याकडून जात. ठेकेदारालाही तेवढेच भरावे लागतात, पण त्याचे सगळे पीएफ खात्यात येत नाहीत. ८.३३ टक्के, म्हणजे १,०८३ रुपये, पेन्शनकडे वळतात आणि उरलेले ४७७ पीएफमध्ये. पासबुकात हे दोन रकाने वेगळे दिसतात. आठ महिन्यांचे पीएफचे १६,२९६ आणि वर व्याज, पेन्शनचे ८,६६४.

तालुक्याच्या एका सायबर कॅफेवाल्याने काम करून द्यायचे दहा टक्के सांगितले. शिवाय १५जी फॉर्म भरल्याशिवाय पैसे निघत नाहीत, असंही ठासून सांगितलं. वास्तविक पाच वर्षांच्या आत पैसे काढले तरी रक्कम ५० हजारांखाली असेल, तर टीडीएस कापत नाहीत. मग फॉर्म कशाला? मी मोबाइल घेऊन घरीच बसलो.

पीएफच्या पोर्टलवर यूएएन नंबर टाकून आत गेलो. आधार, पॅन, बँक खातं, सगळ्याला मंजुरी होती. पण क्लेमच्या पानावर पीएफ काढायचा फॉर्म १९ आणि पेन्शनचा १०सी दिसेचनात. फक्त अॅडव्हान्सचा ३१ दिसत होता. सर्व्हिस हिस्टरी उघडली तर ‘डेट ऑफ एक्झिट’ रिकामी. घरी येऊन दोन महिने उलटले, तरी कागदोपत्री मी अजून चाकणलाच कामावर होतो!

ठेकेदाराच्या ऑफिसात फोन लावला. ‘करतो साहेब, सोमवारी करतो,’ असं उत्तर. सोमवार आले नि गेले. तिथेच काम केलेल्या एका दादांनी वाट दाखवली: ‘अरे, त्याच्या नादी लागू नको. शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाले की एक्झिट आपणच मारायची.’ ‘मॅनेज’ मध्ये ‘मार्क एक्झिट’ होतं. तारीख मात्र मनाची चालत नाही. ज्या महिन्याचा भरणा शेवटचा, त्या महिन्यातलीच लागते. मी ३० नोव्हेंबर टाकली. आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी आला, तो भरला आणि माझी नोकरी माझ्याच हाताने सुटली. मग १९ नंबर दिसला. पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो नाव, खातं नंबर, आयएफएससी स्पष्ट दिसेल असा काढून जोडला. पीएफ व्याजासकट खात्यात आला.

पेन्शनच्या पैशांशी मात्र थांबलो. याच दादांचा भाऊ काही वर्षांपूर्वी पाच महिन्यांत नोकरी सोडून गेला होता. त्याला पीएफ मिळाला, पेन्शनचा एक रुपया नाही, कारण तेव्हा सहा महिन्यांच्या आतल्या नोकरीला काही देतच नसत. जून २०२४ मध्ये तो नियम बदलला आणि आता पुऱ्या झालेल्या महिन्यांच्या हिशोबाने रक्कम मिळते. माझे तर आठ महिने होते, पैसे मिळालेच असते. पण काढले की ती नोकरी पेन्शनच्या हिशोबातून पुसली जाते, आणि महिन्याची पेन्शन लागू व्हायला एकूण दहा वर्षं भरावी लागतात. त्याच १०सी वर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं. पुढच्या नोकरीत हे महिने जोडले जातात.

मी सर्टिफिकेट मागितलं. भरती झालो तर आठ महिन्यांचं काय अडणार आहे? आणि नाही झालो, तर पुन्हा एमआयडीसीच आहे. तेव्हा दहा वर्षं शून्यापासून का मोजायची?