ऊन डोक्यावर आणि पंखा बंद



आज आंब्याचं नाही, विजेचं लिहितोय. बागेत पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या असतील किंवा काढायच्या असतील, त्यांनी जरूर वाचा.

आमची वाडी गणपतीपुळ्याच्या अलीकडे. हापूसच्या बागेत दोन खोल्या बांधल्या, तीन किलोवॅटचं सोलर बसवलं आणि रस्त्यावर बोर्ड लावला, "१०० टक्के सौरऊर्जेवर चालणारे कृषी पर्यटन". पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना ते वाचून बरं वाटायचं. मलापण.

दोन वर्षांमागची गोष्ट. मे महिना, दोन्ही खोल्या भरलेल्या. एका खोलीत म्हातारी आजी, मुलगा-सून आणि तान्हं बाळ. संध्याकाळी वळीव आला, माडाची झावळ तारेवर पडली, पुढे एक खांबही आडवा झाला. लाईट गेली. रात्र सगळ्यांनी पडवीत काढली. सकाळी लख्ख ऊन. वर पॅनल चकाकतायत आणि खाली पंखा बंद, पंप बंद, टाकीत पाणी नाही. आजी सरळ विचारत्या झाल्या, "अहो, तुमचं सगळं उन्हावर चालतं ना? मग ऊन पडलंय की!"

मला उत्तर देता आलं नाही. दुपारी ती माणसं गेली. उरलेल्या दिवसाचे पैसे मी परत दिले. पैशाचं एवढं नाही, पण बोर्डावर मी खोटं लिहिलंय हे कळलं, ते लागलं.

खोटं कसं, ते सांगतो. आपल्याकडे बहुतेकांचं सोलर 'ऑन-ग्रिड' असतं. दिवसा तयार झालेली जास्तीची वीज महावितरणच्या लाईनवर जाते, रात्री आपण लाईनवरची घेतो, बिलात वजावट होते. पण लाईन मेली की हा इन्व्हर्टर आपणहून बंद पडतो. तो बिघाड नाही, तसंच बनवलेलं असतं. नाहीतर आपल्या छपरावरची वीज उलट तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. बसवताना मला हे कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आपल्या जिल्ह्यात विजेचे कारखाने काय कमी आहेत? कोयना प्रकल्प सुमारे १,९६० मेगावॅटचा, त्याची मोठी वीजगृहं चिपळूणजवळ पोफळीच्या बाजूला. जयगडला कोळशावरचा १,२०० मेगावॅटचा. पण वाडीपर्यंत येणारी तार माडा-आंब्यातून येते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडातल्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. म्हणजे लाईट जाणार हे धरूनच चालायचं.

मग मी वही घेऊन बसलो. लाईट गेल्यावर काय चाललंच पाहिजे ते लिहिलं. सहा पंखे, दहा दिवे, एक फ्रीज. साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो, नवीन बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस. पंखे बदलले, दिवे नऊ वॅटचे केले. सगळं मिळून साडेतीनशे वॅटच्या आत आलं. रात्रीचे दहा तास धरले तर साडेतीन युनिट. पाच युनिटची लिथियम बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर घेतला. पंप सुरू होताना काही पट जास्त करंट ओढतो, म्हणून तो दिवसा उन्हातच चालवायचा, टाकी भरून ठेवायची.

एसीचा हिशेबही केला. दीड टनाचा एसी तासाला एक ते दीड युनिट खातो. दोन एसी आठ तास म्हणजे सोळा ते चोवीस युनिट. माझी पॅनल एप्रिल-मेच्या चांगल्या उन्हात दिवसाला बारा-तेरा युनिट देतात, जुलैत कधी चारसुद्धा नाही. एसी काढून टाकले. खोल्या जांभ्याच्या आहेत, वर कौलं, भोवती झाडं. चार गिऱ्हाईकं कमी झाली, हे खरं आहे.

दोन गिझरही काढले. पाणी तापवायला वीज वापरणं मला आता उधळपट्टी वाटते. सोडणं, करवंट्या, आंब्याची छाटणी बागेत पडलेलीच असते. तांब्याचा बंब पेटवला की झालं. शहरातली पोरं बंबाभोवती जमतात, फोटो काढतात.

गोबर गॅसमध्ये मात्र अंदाज चुकला. दोन घनमीटरच्या प्लांटला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं. आमच्या पाच गावठी गाई लहान चणीच्या, दिवसभर चरायला बाहेर. गोठ्यात वजन केलं तर ३० किलोच भरलं. चहा-नाश्ता होतो, जेवणाला सिलिंडर लागतोच. स्लरी मात्र माडांना छान लागू पडली.

किनाऱ्यावर बसवणाऱ्यांसाठी चार गोष्टी. खारा वारा लोखंड खातो, म्हणून सांगाडा चांगला गॅल्व्हनाइज्ड आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या. जुन्या कौलारू छपरावर पॅनल चढवू नका, स्लॅबवर किंवा जमिनीवर पक्क्या पायावर बसवा. एका माडाची सावली एका पॅनलवर पडली तरी त्याच्याबरोबर जोडलेल्या बाकीच्यांचीही वीज घटू शकते. आणि पीएम सूर्यघर योजनेतली ७८,००० रुपयांपर्यंतची सबसिडी घरगुती जोडणीला आहे. खोल्यांचा मीटर व्यावसायिक असेल तर ती हिशेबात धरू नका.

यंदा मे महिन्यात पुन्हा लाईट गेली, दीड दिवस. पंखे फिरत होते, फ्रीजमधलं दूध राहिलं. एका पाहुण्यांना लाईट गेल्याचं दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून कळलं.

बोर्ड बदललाय. आता लिहिलंय, "दिवसाची बरीचशी वीज उन्हाची. लाईट गेली तर पंखा, दिवा, पाणी मिळेल. एसी नाही." सुतार म्हणाला, एवढं कोण वाचणार? म्हटलं, न वाचेना. पण उद्या कोणी विचारलं, तर मला उत्तर देता आलं पाहिजे.