वहीतील कोरी पाने

आमच्या तीर्थरूपांस रोजचा पाऊस वहीत टिपून ठेवण्याचा छंद होता. एका श्रावणात पर्जन्यमापकाची काच फुटली. आम्ही तेव्हा नुकतेच मिळवते झालो होतो. नव्या काचेस पैसे देणे आम्हांस उधळपट्टी वाटले. वहीची तेवढी पाने कोरी आहेत.

हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावरील नोंदींचा आलेख पाहताना ती वही आम्हांस आठवली. 1957-58 साली 67 राष्ट्रांनी मिळून आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष पाळले. त्या निमित्ताने मिळालेल्या पैशांतून चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च 1958 मध्ये तेथील हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजावयास आरंभ केला. दहा लक्ष भागांत तो तेव्हा सुमारे 315 भाग भरला. 2024 साली सरासरी 424 वर गेली. पण उत्सव ओसरला, आणि 1964 साली अमेरिकन सरकारच्या काटकसरीत फेब्रुवारी ते एप्रिल मोजणीच बंद पडली. यंत्र मागाहूनही विकत मिळते. त्या मार्चची हवा कोणत्या बाजारात मिळावयाची? उत्सवाची वर्गणी सढळ हाताने देणारे आम्ही, रोजच्या तेलवातीचा मात्र हिशेब मागतो!

काचेची किंमत तीर्थरूपांनी समासात लिहून ठेवली आहे: अठरा रुपये.