तिसरा लाल दिवा

रात्री समुद्रावरून विमान उतरवायला आणताना समोर फक्त धावपट्टीचे दिवे दिसतात. खाली घरं नाहीत, झाडं नाहीत. अंदाज घ्यायला काहीच नसलं की डोळा सांगू लागतो, फार उंचावर आहेस, अजून खाली घे. वैमानिक याला ‘ब्लॅक होल अप्रोच’ म्हणतात. धावपट्टीशेजारच्या चार दिव्यांपैकी दोन पांढरे नि दोन लाल दिसले की उतार बरोबर. एका रात्री माझ्यासमोर तिसराही लाल झाला, आणि तरी माझं सगळं अंग ठामपणे सांगत होतं की आपण उंचच आहोत.

निवृत्तीनंतर रत्नागिरीला परतलो आणि पहिली कथा लिहिली ती त्या रात्रीची. ती फसली. वेग, फ्लॅप, वारा, सगळं अचूक होतं. मिरकरवाड्यातल्या माझ्या शाळासोबत्याला वाचून दाखवली. तो मच्छीमार बोटीवर तांडेल होता. म्हणाला, “यंत्र सगळं आलंय रे. तू कुठं आहेस? बंदराचे दिवे दिसले की आम्हालाही वाटतं, आलोच. तिथंच घात होतो. ते वाटणं लिही.”

मी पानं फाडली नाहीत, पण आकडे खोडले. एकच ठेवला, तिसरा लाल दिवा.

१९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने आपलं नाव बाजूला ठेवून कथेला एकटीला परीक्षकांसमोर उभं केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. माझा गणवेशही मी तसाच कथेबाहेर ठेवतो. मी उडवलंय म्हणून वाचकाने विश्वास ठेवावा, ही अपेक्षा चुकीची आहे.

अंतराळाची कथा लिहिताना शरीराचं त्या रात्रीसारखं खोटं बोलणं कामी येतं. ढगात विमान बराच वेळ एकसारखं वळत राहिलं, की कानातला द्रव स्थिरावतो आणि वळण जाणवेनासं होतं. मग सरळ झालं की उलट बाजूला कलल्यासारखं वाटतं. कक्षेत तर कानाला ‘खाली’ सापडतच नाही. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं, असं कथेत आलं की मी ते वाक्य कापतो. ४०० किलोमीटरवर ते जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं. यान आणि माणूस एकत्र पडत असतात, म्हणून तरंगतात. अंतराळवीर शुभांशु शुक्ला जुलै २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावरून परतले, तेव्हा त्यांनी लॅपटॉप मिटून पलंगाशेजारी हवेत सोडून दिला होता, तो तरंगेल म्हणून! लढाऊ विमानाच्या वैमानिकाचा हात इतक्या थोड्या दिवसांत नवी सवय लावून घेतो. असा एक तपशील मिळाला की यानाच्या वर्णनाची चार पानं वाचतात.

भाषेचा पेच मात्र सुटलेला नाही. रेडिओवर आम्ही इंग्रजीच बोलतो, ते मी तसंच ठेवतो. पण भीती वाटली तेव्हा माझ्या तोंडून ‘आई गं’च निघालं होतं.

डोळा चंद्रावरही फसवतो. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ चे शेपर्ड आणि मिचेल तिथे ‘कोन’ नावाच्या विवराची कड शोधत चढ चढत होते. हवा नाही, धुरकटपणा नाही, त्यामुळे लांबचं नि जवळचं सारखंच लख्ख दिसतं. कड साधारण ३० मीटरवर असताना ते तिला न पाहता परत फिरले. आणि शेपर्ड तर नौदलाचे कसलेले वैमानिक होते.

माझ्या नव्या कथेतली मुलगी रत्नागिरीची आहे. ती चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरतेय. सूर्य क्षितिजाला टेकलेला, सावल्या लांबलचक, त्यांच्या आत काय आहे ते कळत नाही. परवा तेवढी पानं तांडेलाला वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प राहिला.

मग म्हणाला, “खाली खडक आहे की काय आहे, ते तिला कोण सांगणार?”