पहिल्या पावसांतलें पालघर

विरार सुटलें, वैतरणेचा पूल मागें पडला, कीं गाडींत शिरणाऱ्या वाऱ्याला ओल्या मातीचा वास येऊं लागतो. पालघर हें नांव पुष्कळ वाचकांनीं १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचें म्हणून ऐकलें असेल; आम्हांला तें जाऊबाईंचें माहेर म्हणून त्याच्या किती तरी आधींपासून ठाऊक. यंदा मृगाचा पाऊस पडून चार दिवस होतात न होतात तोंच त्यांच्याबरोबर तेथें जाण्याचा योग आला. निमित्त शेवळांचें.

गेल्या वर्षींचा प्रसंग सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. जाऊबाईंनीं हौसेनें शेवळें आणलीं, निवडलीं, नारळाच्या वाटणांत शिजविलीं. परंतु जुडीबरोबर मिळालेलीं आंबट हिरवीं फळें निरुपयोगी समजून टाकून दिलीं. त्या रात्रीं घरांतलीं लहानमोठीं अकरा माणसें घसा धरून ताक पीत बसलीं होतीं. मामंजींचा आवाज दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत उठला नाहीं, आणि तेवढा वेळ घरांत शांतता नांदली, हें येथें हळूच सांगून टाकतें.

बाजारांत टोपली घेऊन बसलेल्या वारली मावशींना ती हकीकत सांगितली तेव्हां त्या पोट धरून हंसल्या. “काकडं नाय घातलीं तर घशाला धरणारच, बाय!” शेवळांत ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात व तेच घशाला टोंचतात, हें रसायनशास्त्रानें सांगितलें, काकडाच्या फळांचा उतारा मात्र रानांत राहणाऱ्यांनीं प्रयोगशाळेवांचूनच शोधून ठेवला होता. शिवाय वर आलेला कोंब तेवढा खुडायचा, कंद जमिनींतच राहूं द्यायचा. म्हणजे पुढच्या मृगांत पुन्हां शेवळें.

कुलूची भाजी, जिला कोणी फोडशी म्हणतात, ती मात्र टोपलींत दिसेना. विचारलें, तर म्हणाल्या, “अजून देवाला दाखवली नाय. पाड्यावर कोणी खाल्ली नाय, मग विकायची कशी?” जाऊबाईंनीं दुप्पट पैसे देऊं केले. मावशींनीं नुसती मान हलविली व पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. मला त्या क्षणीं आमचीच लाज वाटली. आपल्याकडे नवें धान्य नैवेद्याआधीं तोंडीं लावीत नसत, त्यांतलाच हा प्रकार. परंतु येथें त्या नेमामुळें कोवळ्या पातीला वाढण्यास चार दिवस मिळतात, आणि पाड्यांतल्या बळकटानें सारें आधींच ओरबाडून न्यावें असें होत नाहीं.

या भाजीपाल्याला आपण रुचिपालट समजतों. डोंगरांतल्या घराला पावसाळा म्हणजे धान्याच्या कणग्या रिकाम्या होण्याचे दिवस; तेव्हां टाकळा, कंटोळीं, भारंगी, बांबूचे कोंब हेंच पोराबाळांचें व गरोदर बायकांचें बळ. १९९२ सालीं जव्हारकडील वावर-वांगणींत कुपोषणानें बालकें दगावलीं तेव्हां महाराष्ट्र हादरला. त्यानंतर आहाराच्या सरकारी योजना आल्या, त्या हव्यातच. पण रान हें त्याच मुलांचें पहिलें कोठार आहे, हें आपण उशिरां ओळखलें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें सामूहिक वनाचें रक्षण व व्यवस्था करण्याचा अधिकार मान्य केला आणि ग्रामसभेला त्यांत स्थान दिलें. पाड्यावरचे नेम त्याहून फार जुने!

दुपारीं जाऊबाईंच्या भावानें आम्हांला सातपाटीला नेलें. आम्ही शाकाहारी, त्यामुळें पापलेटचें कौतुक डोळ्यांनींच करावयाचें. आणि त्या दिवशीं तेंही नशिबीं नव्हतें, कारण होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. १ जून ते ३१ जुलै ही सरकारी बंदी. समुद्र खवळलेल्या दिवसांत नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याचा रिवाज मात्र कोळी-मांगेल्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा. जाळीं विणीत बसलेले एक आजोबा पिलांच्या मासेमारीविषयीं तळमळून बोलत होते. याच पापलेटला २०२३ सालीं राज्यमाशाचा मान मिळाला, तो सातपाटीकरांच्या मागणीमुळें.

तेथून बोईसरला आलों. देशांतलें पहिलें अणुवीजकेंद्र तारापूरला १९६९ सालीं सुरू झालें. पुढें येथें मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली व हजारों घरांच्या चुली तीवर पेटल्या, हें नाकारून चालणार नाहीं. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील औद्योगिक क्षेत्रें तपासलीं, तींत प्रदूषणांत तारापूर पहिलें आलें. सांडपाण्याविरुद्ध अखिल महाराष्ट्र मच्छिमार कृती समितीनें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्यें उद्योगांवर कोट्यवधींची भरपाई बसली. भरपाई ठीकच, पण दोन महिने उपाशीं राहून ज्यानें मासा वाढूं दिला, त्याच्या खाडींत कारखान्याचें पाणी यावें, हा हिशेब मला कांहीं केल्या जुळवितां येईना. पाड्यानें अगर कोळीवाड्यानें नेम पाळायचा आणि आपण मात्र मोकळे!

संध्याकाळीं गाडी पकडण्यापूर्वीं पुन्हां बाजारांत डोकावलों. मावशींची टोपली रिकामी झाली होती. “पुढच्या आठवड्याला कुलू आणीन,” त्या म्हणाल्या. जाऊबाईंनीं घरीं येतांच पिशवी धुवून वाळत घातली.