मुंबईंतील सात दिवस

शाळेला सुट्टी लागली कीं घरांतील एखाद्या वडील माणसानें एखाद्या मुलाला किंवा मुलीला बरोबर घ्यावें आणि चार-सहा दिवसांत मुंबई दाखवून आणावी, ही आपल्या घरांतून चालत आलेली जुनीच रीत आहे. मूल परत येतें तें चौपाटीची भेळ, समुद्र आणि दुमजली बस ह्यांच्या गोष्टी सांगत येतें. त्यानें मुंबई पाहिली, असें आपण समाधानानें म्हणतों. खरें म्हणजे मुंबई आपण पाहिलेली असते. मूल केवळ आपल्या मागून चाललेलें असतें. हें माझ्या ध्यानांत यावयास माझ्या पुतणीचा एक लहानसा प्रश्न कारण झाला, आणि तोच ह्या लेखाचें निमित्त आहे.

आमचें बिऱ्हाड वाईस. घरांत आई, दादा, वहिनी, आम्ही उभयतां आणि मुलें मिळून नऊ माणसें. वाईला रेल्वे नाहीं. त्यांतल्या त्यांत जवळचें स्टेशन म्हणजे वाठार. त्यामुळें आगगाडी ही आमच्या मुलांना अजूनही अपूर्वाईची वस्तु आहे. पुतणी यंदां दहावीच्या परीक्षेस बसली. पुढील शिक्षणासाठीं दादरला आत्याकडे राहावें अशी तिची फार इच्छा. दादांचें मन अनुकूल होतें, वहिनी गप्प होत्या, आणि आईचा साफ नकार होता. "जी आजवर साताऱ्यापर्यंतसुद्धां एकटी गेली नाहीं, ती मुंबईच्या गर्दीत कशी निभावणार?" हा आईचा प्रश्न. तो गैरवाजवी होता असें कोण म्हणेल? अखेर असें ठरलें कीं, परीक्षा आटोपतांच मीं पुतणीला आठवडाभर मुंबईस न्यावें आणि परत आल्यावर आईनें निर्णय द्यावा.

मी त्याच रात्रीं कागद घेऊन बसलों आणि सात दिवसांत तेवीस स्थळें मोठ्या हौसेनें बसविलीं. पुतणीनें तो कागद शांतपणें वाचला व विचारलें, "काका, कोठें कोठें जायचें तें सगळें ह्यांत आहे, पण परत कसें यायचें, तें कोठें लिहिलें आहे?"

"तें मला ठाऊक आहे," मी म्हणालों.

"पण राहायचें मला आहे ना?"

मीं तो कागद फाडला व दुसरा केला. त्यांत स्थळें थोडीं आणि नियम तीन होते. दिवसाला मुख्य स्थळ एकच. एप्रिलचें ऊन लक्षांत घेऊन दुपारचे दोन तास छपराखालीं. आणि तिसरा नियम असा कीं, पहिले दोन दिवस मी पुढें व ती मागें, मधले तीन दिवस दोघें बरोबरीनें, आणि शेवटचे दोन दिवस ती पुढें व मी मागें. सातव्या दिवशीं तिनें मला घरीं आणावयाचें. शिवाय एक करार केला. गाडीच्या गर्दींत ताटातूट झालीच, तर पुढें गेलेल्यानें पुढच्याच स्टेशनावर उतरून स्टेशन मास्तरांच्या कचेरीपाशीं उभें राहावें, व मागें राहिलेल्यानें तेथें यावें. दोघांनींही एकमेकांस शोधीत हिंडावयाचें नाहीं.

पहिला दिवस आम्हीं एकट्या दादर स्टेशनाला दिला. मध्य आणि पश्चिम ह्या दोन्ही रेल्वे येथें शेजारीं शेजारीं येतात. जलद गाडी कोणती, धिमी कोणती, फलकावरील अक्षरें कशीं वाचावयाचीं, स्त्रियांचा डबा कोठें थांबतो, कोणता पूल कोणीकडे उतरतो, हें सर्व तिनें वहींत लिहून घेतलें. नकाशा पाहतां पाहतां विरारच्या अलीकडे तिला वसईचें नांव दिसलें. "काका, मेणवलीच्या घाटावरची आपली घंटा येथूनच आली ना?" चिमाजी आप्पांनीं १७३९ मध्यें वसई घेतली, आणि त्या विजयांत मिळालेल्या घंटांपैकीं एक आमच्या कृष्णाकांठीं आहे. परक्या शहराच्या नकाशांत एक ओळखीचें ठिकाण सांपडतांच तिचा चेहरा खुलला. मुलांना नवें शहर दाखवितांना आधीं त्यांच्या गांवाचा धागा हुडकून द्यावा, हा धडा मला त्या दिवशीं मिळाला.

दुसऱ्या दिवशीं भायखळ्याचा राणीचा बाग आणि त्याला लागून असलेलें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहिलें. हें संग्रहालय १८७२ मध्यें लोकांस खुलें झालें. जुन्या मुंबईचे नकाशे आणि निरनिराळ्या जातिधंद्यांच्या माणसांचे मातीचे पुतळे येथें पाहावयास मिळतात. ज्यांचें नांव त्याला १९७५ मध्यें दिलें गेलें, ते भाऊ दाजी वैद्यकीचा व्यवसाय सांभाळून प्राचीन लेखांचें संशोधन करीत. बाहेर एक भला थोरला दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा. तो पाहूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटाला एलिफंटा हें नांव दिलें. विलायतेस नेण्याच्या खटपटींत तो फुटला, आणि पुढें तुकडे जोडून येथें उभा केला गेला. (राणीचा बाग बुधवारीं आणि घारापुरीचीं लेणीं सोमवारीं बंद असतात; वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें.)

तिसरा दिवस कोटाचा. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्याकडे, म्हणजे सुमारें २१ मैलांवर, हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची गाडी गेली. जेथून ती सुटली त्याच परिसरांत आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस उभें आहे. स्टीव्हन्स नांवाच्या वास्तुविशारदानें हें स्टेशन योजिलें आणि समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच. तेथून पायीं हुतात्मा चौकांत आलों. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत प्राण दिलेल्यांचें तें स्मारक; १ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र झाला तो त्यांच्या पुण्याईनें. पुढें एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर विसावलों. भारतरत्न पां. वा. काणे ह्यांची ज्ञानसाधना ह्या ग्रंथालयाशीं निगडित आहे, हें मीं सांगितलें, तेव्हां ती क्षणभर त्या उंच खांबांकडे पाहत राहिली.

चौथ्या दिवशीं होडीनें तासाभरांत घारापुरी गांठली. पायऱ्या चढून लेण्यांत शिरतांच बाहेरचें ऊन, दुकानदारांचे आवाज, सर्व मागें राहिलें. त्या अंधुक प्रकाशांत सुमारें अठरा फुटांची ती त्रिमुखी शिवमूर्ति हळूहळू दिसूं लागते. मीं मुद्दामच कांहीं सांगितलें नाहीं. ती बराच वेळ उभी होती, आणि मग म्हणाली, "मधला चेहरा कोणाकडेच पाहत नाहीं."

पांचव्या दिवशीं गिरगांवांत जावयाचें होतें. सकाळीं दादरच्या फलाटावर गर्दी उसळली, पुतणी लोटली जाऊन आंत चढली, आणि मी खालींच राहिलों. गाडी सुटली. नकाशा पाहण्याचें काम तिच्याकडे असल्यामुळें माझा मोबाइलही तिच्याच पिशवींत होता. माझ्या पायांतील बळच गेलें. पुढील गाडी आली. पण ती परत तर येणार नाहीं ना, ह्या विचारांत मी जागचा हललों नाहीं, आणि तीही गाडी गेली. मग करार आठवला. तिसऱ्या गाडीनें प्रभादेवीस उतरलों, तों स्टेशन मास्तरांच्या कचेरीच्या दारालगत ती पिशवी छातीशीं धरून उभी. चेहरा उतरला होता, पण डोळ्यांत पाणी नव्हतें.

"काका," ती म्हणाली, "मधली एक गाडी तुम्हीं सोडलीत?"

मी कांहीं बोललों नाहीं. करार मीं केला होता, पाळला होता तिनें.

तशाच मनःस्थितींत आम्ही गिरगांवांत हिंडलों. १८९३ पासून जेथें सार्वजनिक गणेशोत्सव चालत आला आहे ती केशवजी नाईकांची चाळ पाहिली, आणि चौपाटीवर, जेथें १९२० मध्यें लोकमान्यांवर अग्निसंस्कार झाले तेथें, नमस्कार केला. माझे आजोबा वयाच्या सतराव्या वर्षीं एक वळकटी घेऊन अशाच एका चाळींत येऊन राहिले होते. एका खोलींत सहाजण, आणि जेवण खानावळींत. त्यांस धाडतांना घरांत कोणी सभा भरविली नव्हती. मुलगा होता, म्हणून गेला. हा विचार त्या दिवशीं प्रथम माझ्या मनांत आला, आणि तो अद्यापि गेलेला नाहीं.

सहाव्या दिवसापासून ती पुढें झाली. तिनें आपलें भावी कॉलेज बाहेरून पाहिलें, तेथून आत्याच्या घरापर्यंतचा वेळ घड्याळावर मोजला, आणि सायंकाळीं १८९८ मध्यें स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची दादरची वास्तु हुडकून काढली. एकदां चुकली; एका भाजीवालीला विचारून वळली. मी मागें होतों आणि गप्प राहणें मला किती कठीण जातें, हें मला तेव्हां कळलें.

सातव्या दिवशीं गेट वे ऑफ इंडियावरून परतावयाचें होतें. तिनें बस धरून मला टर्मिनसवर आणलें, कारण विचारतां म्हणाली, "गाडी तेथूनच सुटते, म्हणजे बसायला जागा मिळते." जागा मिळाली, आणि आठवड्याच्या शिणानें मला खरोखरच डुलकी लागली. परळ सोडतांच तिनें मला हलविलें. "काका, उठा, आतांच दाराशीं यायला हवें."

वाईस आल्यावर तिनें आजीला सर्व सांगितलें. प्रभादेवीची हकीकतही वगळली नाहीं. आई बराच वेळ गप्प होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तूं रे मधली गाडी का सोडलीस?" माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं आईनें वहिनींना मेतकुटाच्या दोन बरण्या भरावयास सांगितल्या. एक घरची, एक दादरची. निर्णय तो एवढाच.

सुट्टींत मुलांना शहर दाखविण्यास निघणाऱ्या वडील मंडळींस माझें इतकेंच सांगणें आहे कीं, स्थळांची यादी लहान ठेवा, आणि परतीची वाट मुलांच्या हातीं द्या. तीं चुकतील, आपल्याला भीति वाटेल. पण ती भीति आपली आहे, त्यांची नव्हे. आज ना उद्यां आपण नसतांना त्यांना ती वाट चालावयाचीच आहे. आपण मागें आहोंत तोंवरच त्यांनीं ती एकदां चालून पाहावी, हें बरें.