बरण्यांची रांग

फायटर माशांची वीण घरी काढणं हे चांगलं काम आहे, असं मी चार वर्षं मानत होते. थायलंडहून विमानाने, ओंजळभर पाण्याच्या पिशवीत बंद होऊन मासे येतात. त्यापेक्षा इथेच जन्मलेलं, इथल्या पाण्याला सरावलेलं पिल्लू बरं, असा माझा हिशेब होता. आज मला तसं वाटत नाही.

पहिली वीण आठवते. सोसायटीच्या आवारातलं बदामाचं वाळकं पान मी पाण्यावर सोडलं होतं. त्याखाली नराने दोन दिवस बुडबुडे रचले. मग मादीला वळसा घालून कवेत घेतलं. रव्याच्या कणांसारखी अंडी खाली पडू लागली, की तो सूर मारून एकेक तोंडात झेली आणि घरट्यात नेऊन ठेवी. मादीला मी लगेच वेगळं केलं. दीड दिवसात पिल्लं बाहेर आली, शेपट्या खाली सोडून घरट्याला लटकली. एखादं निसटलं की बाप ते पुन्हा वर ठेवत होता. त्या रात्री मी झोपले नाही.

पुढे मी फक्त संख्या मोजत गेले. पिल्लांना खायला आधी सडक्या कोबीच्या पाण्यातले सूक्ष्मजीव, मग मिठाच्या पाण्यात उबवलेला आर्टेमिया, रोज थोडं पाणी बदलणं. एका विणीतून १४० पिल्लं जगवली, तेव्हा कोण अभिमान वाटला! पण तिसऱ्या महिन्यात नर एकमेकांचे पर फाडू लागले आणि एकेकाला वेगळं करावं लागलं. ६१ नर, ६१ बरण्या. जागा संपली तशी मी जवळच्या दुकानात मासे देऊ लागले.

महिन्याभराने तिथे गेले, तेव्हा एक मला ओळखू आला. निळ्या शेपटीत एकच पांढरी रेघ होती. प्लास्टिकच्या लहान कपात, पिवळट पाण्यात, पर मिटून तो तळाशी आडवा पडला होता. मी बोलले तसे दुकानदार म्हणाले, "ताई, फायटरला काय लागतं? हवेतून श्वास घेतो, कपातही राहतो."

रागारागाने मी घरी आले. दार उघडलं तर समोर बरण्यांची रांग. शेजारणीने विचारलं होतं, एवढ्याशा पाण्यात कसे राहतात हो? तिला मी हेच, याच शब्दांत सांगितलं होतं. फायटरचा हवेतून श्वास घेणारा अवयव उथळ, कोंदट पाण्यात तग धरण्यासाठी आहे. पाण्यात साठणारा अमोनिया तरीही त्याचे कल्ले जाळतोच. हे मला माहीत होतं. फक्त दुकानदाराच्या तोंडून ऐकेपर्यंत मी ते माझ्या बरण्यांना लावलं नव्हतं.

म्हणून मी वीण थांबवली. उरलेल्या नरांसाठी हळूहळू टाक्या केल्या, काही ओळखीच्यांकडे टाकी बघूनच दिले. कुणी जोडी लावायचं म्हटलं की मी आधी विचारते, सगळ्या नरांना पुरेसं पाणी आणि घर आहे का? नसेल, तर लावू नका.

माझ्याकडचा एक नर अजूनही बदामाच्या पानाखाली घरटं बांधतो. मादी नसली तरी बांधतो. पाणी बदलताना मी पान हलू देत नाही. त्याचं घरटं मोडायचा मला हक्क नाही, आणि ते भरायची आता माझी तयारी नाही.