बंद म्हणजे बंद

विद्यापीठ म्हटलं की कोणाला ग्रंथालय आठवतं, कोणाला वसतिगृहाची मेस, कोणाला कॅन्टीनचा कटिंग चहा... पण त्याच आवारात कुठेतरी आडबाजूला एक बसकी इमारत असते, तिला जाळीचं फाटक, फाटकावर लाल रंगात कवटी आणि हाडं, आणि खाली 'धोका ११००० व्होल्ट'. ती मात्र कोणालाच आठवत नाही. आमच्या घरातली माणसं सोडून! कारण आमचे हे १९७४ पासून २००७ पर्यंत, म्हणजे तब्बल ३३ वर्षं, तिथेच होते. कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि शेवटी आवाराच्या सगळ्या विजेची जबाबदारी सांभाळून निवृत्त झाले. विद्यापीठाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. का ते पुढे कळेल.

परवा पुण्याच्या भाच्याने फोनवर विचारलं, "मामी, मामा विद्यापीठात नक्की करायचे काय गं? बल्ब बदलायचे का?" ह्यांनी शेजारून ऐकलं आणि नुसतं "हं" केलं. मला मात्र राहवेना. म्हणून हा लेख. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. विजेतलं मला जे कळतं ते सगळं ह्यांच्या तोंडून, जेवणाच्या ताटावर ऐकलेलं. लिहून झाल्यावर ह्यांना वाचून दाखवलं आहे आणि दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्ती केली आहे, तेव्हा तज्ज्ञ मंडळींनी काळजी करू नये.

आधी एवढी मोठी ११००० व्होल्टची वीज आवारात आणायचीच कशाला? घरात तर २३० पुरते. मला हे ह्यांनी पैशांच्या उदाहरणाने समजावलं होतं. लाख रुपये चिल्लरमध्ये न्यायचे तर पोती लागतील, हमाल लागतील, वाटेत सांडतील. तेच नोटांमध्ये नेले तर खिशात मावतात. मग मुक्कामाला पोचल्यावर सुट्टे करून घ्यायचे. एका मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा भार, समजा १००० केव्हीए, ४१५ व्होल्टने न्यायचा तर प्रत्येक तारेतून जवळजवळ १३९० अँपिअर वाहणार. तोच ११००० व्होल्टने नेला तर ५२-५३ अँपिअरमध्ये काम होतं. तार तापते ती अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे त्याच तारेत उष्णतेचा फरक ७०० पट! तेव्हा वीज मोठ्या नोटांत आणायची आणि प्रत्येक इमारतींच्या झुबक्याजवळ ट्रान्सफॉर्मर नावाच्या सराफाकडे सुट्टे करून घ्यायचे.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हा सराफ दोन्हीकडून व्यवहार करतो. नोट दिली की चिल्लर देतो, आणि चिल्लर ओतली की नोट देतो. त्याला दिशा कळत नाही.

विद्यापीठाच्या वेशीवर वीज मंडळाचं (२००५ मध्ये त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तेव्हा आमच्या तोंडी अजून मंडळच आहे) एकच मीटर. त्याच्या पलीकडे जे काही बिघडेल ते आपलं. म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावाएवढा पसारा. प्रयोगशाळा, वसतिगृहं, पाण्याचे पंप, रस्त्यावरचे दिवे, आणि त्यात मंडळाने आखून दिलेली मागणीची मर्यादा ओलांडली की दंड. जमिनीखालून ११००० व्होल्टची केबल वर्तुळात फिरवलेली. एके ठिकाणी तुटली तर दुसऱ्या बाजूने वीज फिरवून आणता येते. सोय मोठी, पण त्यातच धोकाही. आपण एका बाजूने बंद केलेली केबल दुसऱ्या बाजूने जिवंत असू शकते.

आमचं क्वार्टर सबस्टेशनच्या कुंपणापासून शंभर पावलांवर. रात्री गावाकडे कुत्री भुंकायची थांबली की ट्रान्सफॉर्मरचं गुणगुणणं ऐकू यायचं. पाहुण्यांना झोप लागायची नाही, आम्हाला ते थांबलं की जाग यायची! हे डोळे न उघडता शर्ट घालायचे. पावसाळ्यात तर विचारू नका. केबलच्या चरात पाणी, उबेला आलेल्या पाली आणि उंदीर, त्यांच्या मागे साप. एक पाल दोन तारांच्या मधे आली की अर्धं विद्यापीठ अंधारात. केबल जिथून आत शिरते ती भोकं बुजवणं हे ह्यांचं मे महिन्यातलं व्रतच होतं. ट्रान्सफॉर्मरच्या एका काचेच्या भांड्यात निळे खडे असतात, हवेतली ओल शोषून ते गुलाबी होतात. गुलाबी झाले की बदलायचे. आमच्या मुलीला लहानपणी ते खडे फार हवे असायचे. अर्थातच कधी मिळाले नाहीत.

आणि केबल जमिनीखाली फुटली तर? ती कुठे फुटली ते कसं शोधायचं? तर केबलमध्ये एका यंत्राने ठराविक वेळाने जोराचा दणका सोडायचा आणि माणसांनी वरून चालत जायचं. जिथे फुटलेली असेल तिथे जमिनीतून 'धप्' असा आवाज येतो. रात्री दोन वाजता, रहदारी नसताना, विद्यापीठाचे अभियंते मातीला कान लावून आडवे झालेले मी स्वतः पाहिले आहेत. पदवीदान समारंभाच्या फोटोंत हे दृश्य कधी आलं नाही.

पण ह्यांच्या मते खरं काम वीज चालू ठेवण्याचं नव्हे, बंद करण्याचं. मला हे कळायला बरीच वर्षं लागली. चालू वीज आपलं अस्तित्व सांगते, दिवा लागतो, पंखा फिरतो. बंद वीज काही सांगत नाही. तार तीच, रंग तोच. म्हणून वर्षातून एकदा दुरुस्तीसाठी 'शटडाउन' घ्यायचा तेव्हा ह्यांचा सगळा विधी ठरलेला. आधी ट्रान्सफॉर्मरच्या खालच्या बाजूचा स्विच बंद, मग वरच्या बाजूचा. त्याला कुलूप, किल्ली ह्यांच्या खिशात. मग तपासणी, म्हणजे वीज नाही हे उपकरणाने पाहायचं, आणि ते उपकरण चालतंय ना हे आधी आणि नंतर चालू तारेवर पाहायचं. मग लांब दांड्याने तारा जमिनीला टेकवून उरलीसुरली वीज काढून टाकायची, कारण लांबच लांब केबलमध्ये ती बंद केल्यावरही साठून राहते. आणि शेवटी तिन्ही तारा साखळीने एकत्र बांधून जमिनीला जोडून ठेवायच्या. काम संपेपर्यंत ती साखळी काढायची नाही. एवढं झाल्यावर 'लाइन क्लिअर'चा कागद, एकाच माणसाच्या नावाने, त्याच्या सहीने. तो कागद त्याच माणसाने परत आणून दिल्याशिवाय वीज चालू होणार नाही. कुलगुरूंचा फोन आला तरी नाही.

ही साखळी हे फक्त ११००० च्या बाजूला नाही, तर खालच्या ४१५ च्या बाजूलाही लावायचे, न्यूट्रलसकट. इतर लोक हसायचे. "साहेब, वरून बंद आहे, मग खाली येणार कुठून?"

आता मे २००६ ची गोष्ट सांगते. ती भारनियमनाची वर्षं. विद्यापीठातल्या काही विभागांनी वैतागून आपापले छोटे जनरेटर घेतले होते. शटडाउनचा रविवार ठरला, परिपत्रक पंधरा दिवस आधी निघालं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की परवानगीशिवाय जनरेटर जोडू नये, आणि ज्यांना अत्यावश्यक वीज हवी त्यांनी कळवावं, दुसऱ्या सबस्टेशनवरून तात्पुरती सोय करू. (सूचनाफलकावरचं कोण वाचतं! मी शाळेत तीस वर्षं सूचना लावल्या आहेत, मला विचारा.)

एका विभागात वजा ८० अंशांचा फ्रीजर होता. त्यात एका संशोधक मुलीचं तीन वर्षांचं काम. सकाळचे दहा वाजले, वीज येईना, उन्हाळा मी म्हणत होता. तिथल्या मंडळींनी जनरेटर सुरू केला आणि त्याची तार सरळ विभागाच्या मुख्य बोर्डाला जोडली. बोर्डाचा मेन स्विच आधी पाडायला हवा होता. तो तसाच राहिला. वीज आहेच कुठे, असं वाटलं असणार. त्या मुलीला मी दोष देत नाही. तिच्या जागी माझी लेक असती तर तिनेही हेच केलं असतं.

वीज विभागाच्या बोर्डावर थांबली नाही. जमिनीखालच्या केबलमधून उलटी सबस्टेशनपर्यंत आली आणि त्या विभागाच्या स्विचच्या खालच्या टोकाला येऊन उभी राहिली. सकाळी तपासलं तेव्हा तिथे काही नव्हतं. आता होतं. पॅनेलच्या एका टोकाला बावीस वर्षांचा एक हेल्पर उघड्या बसबारचे नटबोल्ट आवळत होता. दुसऱ्या टोकाला वायरमनने स्विच नीट बसतो का पाहायला हँडल वर केलं.

मोठा आवाज झाला, ठिणगी उडाली, आणि लांब कुठेतरी जनरेटरची धडधड थांबली. बस, एवढंच. साखळी लावलेली होती, त्यामुळे आलेली वीज बसबारवर राहिलीच नाही, तिथल्या तिथे शॉर्ट होऊन जमिनीत गेली. पोरगा पाना हातात धरून तसाच उभा. साखळी नसती तर त्याच्या हाताखाली ४१५ व्होल्ट आले असते. आणि ट्रान्सफॉर्मरचा स्विच कोणी चालू ठेवला असता, तर तो सराफ आठवतो ना? चिल्लर घेऊन त्याने पलीकडे ११००० ची नोट दिली असती, आणि तिथेही माणसं काम करत होती.

त्या दिवशी हे घरी आले, आंघोळ केली, जेवले. मला रात्री अकरा वाजता सांगितलं.

फ्रीजर वाचला. झाकण उघडलं नाही तर तो बराच वेळ थंडी धरून ठेवतो, आणि दुपारी ह्यांनीच त्याला दुसरीकडून वीज दिली. पण जनरेटरमधला व्होल्टेज सांभाळणारा भाग जळाला. आणि आठव्या दिवशी ह्यांना मेमो आला! आपल्या कामामुळे विभागाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, त्याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. पेन्शनचे कागद त्याच टेबलांवरून जायचे होते. बत्तीस वर्षांत पहिला मेमो, तोही यासाठी.

ह्यांनी इंग्रजीत तीन पानी खुलासा लिहिला. नियमांचे आकडे, आकृत्या, सगळं. मी वाचला आणि म्हटलं, "हे कोणी वाचणार नाही. मराठीत एका पानात लिहू या." ह्यांनी सांगायचं, मी लिहायचं, असं ओट्यावर कुकरच्या शिट्ट्या मोजत लिहिलं. त्यातलं एक वाक्य माझं आहे आणि मला त्याचा अजून अभिमान आहे: 'जनरेटर बंद पडला हे खरे आहे, तो बंद पडावा आणि माणूस उभा राहावा, यासाठीच साखळी लावली होती.' हे म्हणाले, "जरा जास्त होतंय." मी म्हटलं, राहू दे.

त्या खुलाशावर उत्तर आलं नाही. 'मान्य' नाही, 'अमान्य' नाही, माफी तर नाहीच. पेन्शन मात्र वेळेवर झाली. दिवाळीच्या सुमारास सगळ्या विभागांच्या जनरेटरला चेंजओव्हर स्विच बसवायची मंजुरी आली. हा स्विच एका वेळी एकच वीज घेऊ देतो, बाहेरची किंवा जनरेटरची, दोन्ही कधीच एकत्र नाही. ह्यांनी त्याचा प्रस्ताव दोन वर्षांपूर्वी पाठवलेला होता, तीच फाइल. मला अजूनही राग येतो. ह्यांना येत नाही, किंवा तसं दाखवत नाहीत.

गेल्या महिन्यात तो हेल्पर घरी आला होता. आता बेचाळीस वर्षांचा आहे, केस पांढरे व्हायला लागलेत, तिथेच मोठ्या जबाबदारीवर आहे. मुलगी बारावी झाली म्हणून पेढे घेऊन आला. सांगत होता, आता छतांवर सोलर बसलंय, बाहेरची वीज गेली की त्याचे इन्व्हर्टर आपोआप बंद होतात. ह्यांनी लगेच विचारलं, "आणि उन्हात पॅनेलच्या तारा?" "त्या जिवंतच असतात साहेब." मग मान हलवून दोघंही थोडा वेळ गप्प. मी चहा ठेवला.

"शटडाउनला साखळी लावता ना?"

"लावतो की. दोन्हीकडे."

"न्यूट्रलला?"

"न्यूट्रलला पण, साहेब."